गच्चीवरचे ऊन आणि आदर्श उपविधी

मुंबई आणि तिच्या उपनगरांतील तळमजला अधिक चार मजल्यांच्या इमारतींचा ऊर्जेच्या दृष्टीने विचार करताना अभ्यासक सहसा भिंतींची जाडी, खिडक्यांचे क्षेत्रफळ आणि पंख्यांची संख्या मोजायला घेतात; परंतु अशा इमारतीत उष्णता कोठून कोठे जाईल हे जसे पदार्थविज्ञान ठरवते, तसेच त्या उष्णतेवर पैसा खर्च करायचा की नाही हे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि त्याखालील आदर्श उपविधी ठरवतात, आणि या दोन शास्त्रांपैकी दुसरे निःसंशय अधिक गहन आहे. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, या नियमाला पदार्थविज्ञानात अपवाद नाही. खर्च कोणाच्या खिशातून जावा, या नियमाला गृहनिर्माण संस्थेत जितके सभासद तितके अपवाद असतात, आणि प्रत्येक अपवादाला अनुमोदकही मिळतो.

ऊर्जाक्षम नूतनीकरण म्हणजे राहती इमारत न पाडता आणि रहिवाशांना बाहेर न काढता तिच्यात असे फेरफार करणे, की पूर्वीइतक्याच किंवा त्याहून कमी विजेत घरे अधिक सुसह्य व्हावीत. यातील ‘न पाडता’ हा भाग मुंबईत काहीसा आक्षेपार्ह मानला जातो. त्याची कारणे यथावकाश येतील. विक्रोळीचे कन्नमवार नगर, चेंबूरचे टिळक नगर यांसारख्या वसाहतींत गृहनिर्माण मंडळाने आणि पुढे म्हाडाने, तर नव्या मुंबईत १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने जी परवडणारी घरे बांधली, त्यांचे आराखडे करणाऱ्यांपाशी पैसा बेताचा होता आणि वातानुकूलन यंत्र रहिवाशांच्या स्वप्नातही येणारे नव्हते, त्यामुळे त्यांना नाइलाजाने हवामानाचा विचार करावा लागला. खिडकीवर छज्जा आला, खोलीपुढे बाल्कनी आली, पूर्ण उघडणारी दोन दारांची लाकडी खिडकी आली. आज परिसंवादांत जिला हवामानानुकूल वास्तुरचना म्हणून गौरवले जाते, ती येथे काटकसरीपोटी जन्मली, आणि रहिवाशांची ऐपत जसजशी वाढली तसतशी ती एकेक करून बुजवली गेली.

बुजवण्याचा प्रारंभ बाल्कनीपासून होतो. बाल्कनी ही ऊर्जाशास्त्राच्या दृष्टीने सावलीचे यंत्र आहे, कारण ती बाहेरच्या उन्हाला आतल्या भिंतीपासून चार फूट लांब थोपवून धरते. कुटुंबशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती वाया चाललेली चाळीस चौरस फुटांची जागा असून तिच्यात बारावीला असलेल्या मुलाचे टेबल किंवा गावाहून आलेल्या आजोबांची खाट अगदी नेमकी बसते. दुसरे शास्त्र येथे विजयी होते, आणि त्यात गैर काही नाही, कारण ३०० चौरस फुटांत पाच माणसे राहत असताना सावलीला खाट देणे कोणत्याही घराला परवडत नाही. बाल्कनीच्या कठड्यावर काच बसते, काचेतून ऊन आत येते, बाहेर जाण्याचा रस्ता मात्र त्याला सापडत नाही, आणि घरातले लोक ‘हल्ली उन्हाळा फारच वाढला आहे’ असे हवामानाविषयी मत नोंदवतात.

याच वेळी जुनी लाकडी खिडकी जाऊन ॲल्युमिनियमची सरकती खिडकी येते. ती दिसायला सुबक असते, पावसात फुगत नाही, आणि कितीही प्रयत्न केला तरी निम्मीच उघडते, कारण तिचे एक तावदान उघडण्यासाठी दुसऱ्याच्या मागे जाऊन उभे राहावे लागते. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ या नावाने निवासी इमारतींची जी ऊर्जासंहिता जाहीर केली, तिनुसार मुंबईसारख्या उष्ण-दमट प्रदेशात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावे लागते. ३०० चौरस फुटांच्या घराला हा हिशेब ५० चौरस फूट पडतो. संहितेने सरकत्या खिडकीचे निम्मेच क्षेत्रफळ हिशेबात धरले आहे, तर बिजागरीवर उघडणाऱ्या खिडकीचे ९० टक्के. संहिता नव्या इमारतींसाठी असल्यामुळे जुन्या वसाहतींना ती लागू नाही, हे एका परीने बरेच झाले, कारण खिडकीबाहेरच्या लोखंडी जाळीच्या पिंजऱ्याचा, ज्याला सर्वत्र बॉक्स ग्रिल म्हणतात, तिच्यात विचार केलेला नाही. त्या पिंजऱ्यात तुळस असते, कोरफड असते, शिट्टी गेलेला कुकर असतो, गेल्या तीन दिवाळ्यांच्या आकाशकंदिलांचे सांगाडे असतात, मुलगा आता दुबईला असला तरी त्याची तीनचाकी सायकल असते, आणि ‘लागेल कधीतरी’ या एकाच कारणासाठी जपलेला प्लायवूडचा तुकडा असतो. वारा या सर्वांना वळसा घालून आत येईल अशी अपेक्षा करणे हे वाऱ्याच्या सौजन्यावर जरा जास्तच विसंबणे होय.

फ्रान्समधील बोर्दो शहरात १९६०च्या दशकाच्या आरंभी बांधलेल्या ग्रां पार्क नावाच्या सामाजिक गृहवसाहतीतील तीन इमारतींचे जे नूतनीकरण झाले, त्याचा उल्लेख या ठिकाणी अटळ आहे. ॲन लाकातों, जाँ-फिलिप वासाल आणि त्यांच्या सहकारी वास्तुरचनाकारांनी तेथील ५३० घरांपैकी एकही न पाडता, रहिवाशांना घरातच राहू देऊन, बाहेरच्या बाजूने ३.८ मीटर खोलीच्या काचबंद बागा आणि बाल्कन्या जोडल्या, ज्यामुळे घरे मोठी झाली, थंडीत उबदार राहू लागली, आणि या कामाला २०१९ साली युरोपीय संघाचा मिस फान डेर रोहे पुरस्कार मिळाला. थोडक्यात, थंड देशातल्या लोकांनी इमारतीला काचेच्या खोल्या जोडून पारितोषिक मिळवले. उष्ण देशातल्या लोकांनी त्याच काचेच्या खोल्या कोणत्याही वास्तुरचनाकाराच्या मदतीवाचून कितीतरी आधी तयार केल्या होत्या. त्यांना फक्त महापालिकेची नोटीस मिळाली.

परंतु या विषयाचा गाभा बाल्कनीत नसून गच्चीत आहे. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. या दिवसांना शून्य सावली दिवस म्हणतात. सूर्य असा माथ्यावर असताना भिंतींना त्याचे ऊन तिरपे आणि थोडे लागते, गच्चीला सरळ आणि पुरेपूर लागते, आणि त्यामुळे चार मजली इमारतीत उन्हाळ्याचा सर्वांत मोठा वाटा चौथ्या मजल्याला मिळतो. काँक्रीटची स्लॅब ही उष्णता लगेच खाली सोडत नाही. ती दिवसभर साठवते आणि काही तासांच्या विलंबाने, म्हणजे संध्याकाळी माणसे कामावरून घरी येऊन पंख्याखाली बसली की, खाली सोडू लागते. विस्तव काढून घेतल्यावरही तवा भाकरी भाजत राहतो, तसा हा प्रकार आहे. छताला लागून तापलेली हवा जमते आणि तिच्या बरोबर खाली टांगलेला पंखा ती हवा मोठ्या निष्ठेने खाली आणून रहिवाशाच्या अंगावर सोडतो, त्यामुळे पंख्याचा वेग वाढवला की उकाडा वाढतो असा एक अनुभवसिद्ध सिद्धांत चौथ्या मजल्यावर प्रचलित आहे. पहिल्या मजल्यावर तो कोणालाही पटत नाही.

यावरचा उपाय जुना, साधा आणि स्वस्त आहे. गच्चीला सूर्यप्रकाश परतवणारा पांढरा लेप द्यावा, किंवा विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून त्यावर पांढऱ्या फुटक्या फरश्यांचे चायना मोझॅक करावे. साधे करडे काँक्रीट पडलेल्या उन्हाचा जेमतेम तिसरा हिस्सा परतवते. चांगला पांढरा लेप नवा आणि स्वच्छ असताना ७० ते ८० टक्के ऊन आल्या वाटेने परत पाठवतो, आणि खालची खोली दोन ते पाच अंशांनी थंड होऊ शकते. तेलंगणाने २०२३ साली अशा शीतल छतांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. ज्या तांत्रिक प्रश्नाला इतके सरळ उत्तर आहे तो वर्षानुवर्षे अनुत्तरित कसा राहतो, हे समजण्यासाठी सर्वसाधारण सभेचा अभ्यास करावा लागतो.

गच्ची ही संस्थेची सामाईक मालमत्ता असून तिच्यावर सर्व सभासदांचा समान हक्क आहे. गच्चीवरचे ऊन मात्र केवळ चौथ्या मजल्याच्या वाट्याला येते. आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करावयाची असते. गच्चीतून होणाऱ्या उन्हाच्या गळतीविषयी उपविधी मौन बाळगतात. या मौनाचा अर्थ तळमजला एका प्रकारे लावतो आणि चौथा मजला दुसऱ्या प्रकारे. चौथ्या मजल्याचे म्हणणे असे, की छप्पर हे सर्वांचे छप्पर आहे. तळमजल्याचे म्हणणे असे, की पाणी आले तर बोला. येथे लिफ्टचा संदर्भ हटकून निघतो, कारण लिफ्टच्या देखभालीचा खर्च, ती कोणी वापरो वा न वापरो, सर्व सभासदांनी सारखा वाटून घ्यावा असे तेच उपविधी सांगतात, आणि ज्या इमारतींना नंतर लिफ्ट लागली त्यांतील तळमजल्याचा सभासद ज्या यंत्रात कधी पाऊलही टाकत नाही त्याचे पैसे दरमहा भरत असतो. ही जखम त्याने जपलेली असते. ‘लिफ्टचे पैसे आम्ही देतो, मग उन्हाचे तुम्ही घ्या’ या त्याच्या वाक्याला कायद्यात आधार नसला तरी सभागृहात टाळ्या मिळतात, आणि त्या टाळ्यांत दुसऱ्या मजल्याचा आवाज सर्वांत मोठा असतो, कारण दुसऱ्या मजल्याला ऊनही नसते, ओलही नसते आणि बोलायला सवड असते.

त्यातच कायद्याने या विषयाच्या वेळापत्रकाची विलक्षण व्यवस्था लावून ठेवली आहे. संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते, आणि सचिव ती सहसा ३० सप्टेंबरच्या इतक्या जवळ घेतात की त्या सुमारास मुंबईत चार महिन्यांच्या पावसाने छताला हिरवी-काळी नक्षी चढलेली असते. मे महिन्यात चौथ्या मजल्याने लिहिलेला उकाड्याचा अर्ज विषयपत्रिकेच्या तळाशी ‘माननीय अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या शीर्षकाखाली पोहोचतो, तोपर्यंत सभेला बसून तीन तास झालेले असतात, वडे थंड झालेले असतात, आणि बाहेर पाऊस पडत असताना उन्हावर बोलणारा सभासद सर्वांनाच थोडा विक्षिप्त वाटतो. ठरावाऐवजी एक उपसमिती जन्माला येते. ती तीन कोटेशने मागवण्याचे ठरवते, ऑक्टोबरची काहिली सुरू होते, आणि पुढची सभा अकरा महिन्यांवर गेलेली असते.

काही संस्था गच्चीवर पत्र्याची शेड टाकून हा वाद संपवतात. मधून वारा खेळता राहिला तर अशी सावली स्लॅबला उत्तम संरक्षण देते, हे शास्त्रीयदृष्ट्या निर्विवाद आहे. शेडसाठी लागणारी बहुमताची बेरीज मात्र शास्त्राने जमत नाही, ती सत्यनारायण, साखरपुडा आणि नवरात्रातल्या दांडियाने जमते. छत मिळाले की कार्यालयाचे भाडे वाचते, हे समजायला कोणालाही उष्मागतिकीची गरज पडत नाही.

सामाईक विजेच्या बाबतीत परिस्थिती पुष्कळ आशादायक आहे, कारण तेथे बचत सर्वांची असते आणि श्रेय सचिवांचे. केंद्र सरकारने जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू केली, घाऊक खरेदीमुळे ३१० रुपयांना पडणारा एलईडी दिवा दोन-तीन वर्षांतच ४० रुपयांच्या खाली आला, आणि जिन्यातले पिवळे दिवे फारसा वाद न होता पांढरे झाले. उत्साहाच्या भरात काही संस्थांनी माणसाची हालचाल ओळखून पेटणारे आणि हालचाल थांबली की विझणारे सेन्सरही बसवले. हे उपकरण ज्यांनी शोधले त्यांनी जिन्याचा उपयोग चढण्या-उतरण्यापुरताच गृहीत धरला असावा. रात्री साडेनऊला दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर कचऱ्याची बादली हातात घेऊन उभ्या असलेल्या दोन वहिनी स्थिर उभ्या राहून बोलतात, त्यामुळे दर मिनिटाला अंधार होतो, आणि बोलणे न तोडता त्यांपैकी एक जण मोकळा हात डोक्यावरून एकदा फिरवते; लांबून पाहणाऱ्याला ती आरतीच्या शेवटी देवाला चवरी ढाळते आहे असे वाटते. दिवा लागतो, विषय पुढे सरकतो. विजेची बचत होते हे खरेच.

सामाईक बिलाचा मोठा वाटा मात्र दिव्यांचा नसून खालच्या टाकीतले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणाऱ्या पंपाचा असतो. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारे साधे उपकरण काही हजारांत मिळते. ते नसते तेथे ही जबाबदारी वॉचमनवर असते, आणि वॉचमन गावी फोनवर बोलत असतो, तेवढ्यात गच्चीवरून पाण्याचा धबधबा सुरू होऊन चारही मजल्यांवरून ‘पाणी! पाणी!’ असा गजर होतो. ऊर्जालेखापरीक्षण, म्हणजे इमारतीत वीज कोठे आणि किती जाते याची पद्धतशीर तपासणी, करणाऱ्या तज्ज्ञाने आपल्या अहवालात ही गजरपद्धती नोंदवावी अशी आहे, कारण तिला वीज लागत नाही.

घराच्या आतील सुधारणांपुढे वेगळीच अडचण उभी असते. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी मोटरचा, म्हणजे घासणारे ब्रश नसलेल्या आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर चालणाऱ्या मोटरचा पंखा तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. रोज १५ तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात; युनिटला ७ रुपये धरले तर १४० रुपये होतात, आणि २,८०० रुपयांचा पंखा २० महिन्यांत फिटतो. मुंबईतील भाड्याच्या घराचा करार मात्र अकरा महिन्यांचा असतो. पंखा विकत घेणार घरमालक आणि वीजबिल भरणार भाडेकरू, अशा विभागणीमुळे मालकाला पंख्यात रस नसतो, आणि भाडेकरू नवा पंखा लावून नऊ महिन्यांची परतफेड मालकाला दान करायला तयार नसतो. अर्थशास्त्रात याला विभाजित हितसंबंधांचा प्रश्न म्हणतात आणि त्यावर भरपूर ग्रंथ आहेत. त्या दोघांच्या मध्ये तो जुना पंखा किरकिरत फिरत राहतो.

गच्चीवर सौर पॅनेल लावणे हा आणखी एक मार्ग असून २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक विजेसाठी दर किलोवॅटला १८,००० रुपयांचे अनुदान आहे. एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, आणि अडचण ‘बिनसावली’ या अटीत आहे, कारण शेजारची इमारत नुकतीच बावीस मजल्यांची झालेली असते.

येथे त्या बावीस मजल्यांकडे, म्हणजेच पुनर्विकासाकडे यावे लागते. जुन्या वसाहतींतील कोणत्याही दुरुस्तीच्या प्रस्तावाला सभेत मिळणारे शेवटचे आणि बिनतोड उत्तर असे असते, की ‘इमारत आता रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे, मग खर्च कशाला?’ पुनर्विकास म्हणजे जुनी इमारत पाडून, विकासकाने वाढीव चटईक्षेत्राच्या जोरावर मोठी इमारत बांधून, मूळ सभासदांना त्यात पूर्वीपेक्षा मोठे घर विनामूल्य देणे. ही आशा इतकी भक्कम असते की तिच्या भरवशावर वीस-वीस वर्षे गच्चीला लेप लागत नाही, आणि इतका काळ लेप न लागल्यामुळे सळ्यांना गंज चढून इमारत खरोखरच पाडण्याजोगी होते. भाकीत स्वतःच स्वतःला खरे करून दाखवण्याची इतकी स्वच्छ उदाहरणे समाजशास्त्रातही थोडी असतील. जुने काँक्रीट तोडून नवे ओतताना सिमेंट आणि पोलाद तयार करण्यासाठी जो कोळसा जळतो तो कोणाच्याही वीजबिलात दिसत नाही. नव्या मनोऱ्यात तीन लिफ्ट असतात, मोटारी वर उचलून एकावर एक ठेवणारी यंत्रे असतात, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाकीत दिवसरात्र हवा सोडणारे पंखे असतात, तळघरातला धूर बाहेर काढणारे आणखी पंखे असतात, आणि पश्चिमेला तोंड करून मजल्याच्या उंचीची काच असते. पूर्वी सातशे रुपये मेंटेनन्स देताना सभेत उभा राहणारा सभासद आता सात हजारांच्या आकड्यापुढे खाली बसतो. विकासकाने दिलेल्या कॉर्पस फंडाच्या व्याजातून हा खर्च भागेल अशी मूळ कल्पना असते. त्या फंडातून बहुतेकांनी आधीच घरात वातानुकूलन यंत्रे बसवलेली असतात, कारण नव्या घराला बाल्कनी नसते.

ज्यांचा विकासक अर्ध्यावर पळालेला असतो किंवा अजून मिळालेला नसतो, अशा संस्थांत मात्र कधीकधी ऊर्जाक्षम नूतनीकरण घडून येते, आणि ते बव्हंशी अपघाताने येते. एखाद्या पावसाळ्यात गळती चौथ्या मजल्याचे छत ओलांडून तिसऱ्या मजल्यावरच्या खजिनदारांच्या नव्या फॉल्स सीलिंगपर्यंत पोहोचते, आणि प्रश्न एका रात्रीत सामाईक होतो. वॉटरप्रूफिंगचा ठराव एकमताने संमत होतो. रंगाचा विषय निघाल्यावर ‘पांढरा फार मळतो’ या मुद्द्यावर सभा विटकरी रंग पसंत करते, ज्यामुळे गच्ची पूर्वीहूनही अधिक तापण्याची तजवीज होते; परंतु ठेकेदाराकडे दुसऱ्या कामावरून उरलेले पांढऱ्या लेपाचे बारा डबे पडून असतात आणि तो दरात सूट देतो, त्यामुळे सौंदर्यदृष्टी माघार घेते.

पुढच्या एप्रिलमध्ये चौथ्या मजल्यावर रात्री पंखा तीनवर पुरतो, मुले छताखालच्या खोलीत झोपू लागतात, आणि विजेचे बिल पहिल्यांदाच शंभर युनिटांच्या खालच्या, स्वस्त टप्प्यात येते. जिन्यात भेटल्यावर तळमजल्याचे काका सहज चौकशी करतात, की ‘काय, आता बरंच गार वाटत असेल?’ यावर चौथ्या मजल्याचा सभासद रुमालाने कोरडे कपाळ पुसतो आणि ‘कसलं गार, काका, काडीचा फरक नाही’ असे सांगून घाईने वर जातो, कारण फरक पडल्याचे त्याने एकदा कबूल केले, की येत्या ३० सप्टेंबरच्या आत त्याच्या नावावर वाढीव वर्गणीचा विषय येणार, आणि दुसऱ्या मजल्याचे अनुमोदन तयारच असणार.